भांडवलाचे भाडे

चांदोलीच्या डोंगरांतून उतरलेली वारणा शिराळा तालुक्याच्या दक्षिण सीमेने वाहत जाते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. संगमावरचे हे गाव संगमेश्वराच्या देवळासाठी जसे ओळखले जाते, तसे हळदीच्या पेवांसाठीही. तोंड अरुंद आणि पोट रुंद अशा, जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत वाळलेली हळद दीर्घकाळ टिकून राहत असे. माल पेवातच राही आणि त्याची मालकी मात्र हातोहात बदलत जाई. २००५ च्या महापुराने यांतील बरीच पेवे निकामी केली आणि साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. पेवांचे दिवस मागे पडले, तरी पेवात माल ठेवणारा व्यापारी जो हिशेब मांडत असे तो जुना झालेला नाही. मुंबईतील संगणकांनी गजबजलेल्या आजच्या पेढ्याही मुळात तोच हिशेब मांडतात.

बाजारपेठेत व्यापाऱ्याचे दोन प्रकार पूर्वीपासून मानलेले आहेत. पहिला अडत्या. तो शेतकऱ्याचा माल सौद्यात लावतो, विकून देतो आणि आपली अडत घेतो. भाव चढला काय किंवा उतरला काय, त्याची अडत ठरलेली असते. दुसरा स्वतःच्या खात्यावर माल घेणारा. त्याचे दैव भावाशी बांधलेले असते. नफा त्याचा आणि तोटाही त्याचाच. शेअर बाजारात ग्राहकांसाठी सौदे करणारा दलाल हा पहिल्या प्रकारात मोडतो. ग्राहक न ठेवता स्वतःच्या भांडवलावर सौदे करणारी पेढी दुसऱ्या प्रकारातील होय. इंग्रजी वळणाने तिला प्रोप्रायटरी ट्रेडिंग फर्म किंवा थोडक्यात प्रॉप फर्म म्हणतात. नाव नवे असले, तरी धंदा स्वखात्यावरच्या व्यापाराचाच आहे.

या दुसऱ्या व्यापाऱ्याला पहिला धडा मिळतो तो व्याजाचा. समजा, हळद क्विंटलला १०,००० रुपये भावाने घेतली आणि दरसाल दरशेकडा १२ व्याजाने पैसा उभा केला. महिन्याला क्विंटलमागे १०० रुपये व्याज चढते. सहा महिन्यांत ६००. साठवणीचे भाडे, विमा आणि वजनातील तूट मिळून आणखी १५० रुपये धरावेत. म्हणजे सहा महिन्यांनी १०,७५० रुपयांना विकली, तर व्यापारी केवळ जागच्या जागी राहतो. १०,५०० ला विकून ५०० रुपये सुटले असे ज्याला वाटते, त्याने प्रत्यक्षात २५० रुपये गमावलेले असतात. पैसा स्वतःचा असला, तरी या हिशेबातून सुटका नाही. कारण तोच पैसा मुदतठेवीत राहिला असता, तर काही ना काही मिळवून आला असता. भांडवल कोणाचेही असो, त्याला भाडे असते. ते रोज चढते. बाजार बंद असलेल्या दिवशीही चढते.

मुंबईच्या शेअर बाजारात या भाड्याला एकेकाळी स्वतंत्र नाव होते. ते म्हणजे बदला. शेअर घेतले, परंतु पैसे भरण्याची ऐपत किंवा इच्छा नाही, असा तेजीवाला आपला सौदा पुढच्या वळणावर ढकलीत असे. त्याच्या वतीने पैसे भरणारा सावकार पुढे येई आणि त्याबद्दल बदल्याचा दर घेई. हे दर ठरवण्याचे काम शनिवारी चाले. उलट मंदीवाल्यांनी इतकी विक्री केलेली असे की द्यायला शेअरच मिळत नसत, तेव्हा शेअर उसने देणाऱ्यालाच पैसे मोजावे लागत. त्याला उंधा बदला म्हणत. तेजी शिगेला पोहोचली की बदल्याचा दर नेहमीच्या बँकव्याजाच्या पुष्कळ वर जाई. जाणते व्यापारी त्या दरावरून बाजारात उसन्या पैशाचा पूर किती चढला आहे हे ओळखीत. सेबीने डिसेंबर १९९३ मध्ये या पद्धतीला मनाई केली. १९९६ मध्ये ती सुधारलेल्या रूपात परतली आणि २ जुलै २००१ पासून कायमची बंद झाली. त्याच सुमारास वायदे आले, ऑप्शन आले. भाडे मात्र गेले नाही. ते वायद्याच्या भावातच मिसळून गेले.

ते कसे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा शेअर आज बाजारात १,००० रुपयांना मिळतो आणि महिनाभराच्या मुदतीचा त्याचाच वायदा १,००८ ला विकला जातो. शेअर घ्यावा, वायदा विकावा आणि महिनाभर थांबावे. मुदतीअखेर दोन्ही भाव एक होतात आणि ८ रुपये पदरी पडतात. भाव वर जातो की खाली, याच्याशी कर्तव्य नाही. प्रॉप पेढ्यांच्या अत्यंत जुन्या आणि सुरक्षित समजल्या जाणाऱ्या डावपेचांपैकी हा एक. परंतु ८ रुपये म्हणजे नफा नव्हे. शेअर प्रत्यक्ष ताब्यात घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का असा रोखे व्यवहार कर लागतो, म्हणजे २ रुपये गेले. वायद्याच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झालेला ०.०२ टक्के दर धरला, तर आणखी २० पैसे गेले. उरले ५ रुपये ८० पैसे. आता पैसा ९ टक्के व्याजाचा असेल, तर १,००० रुपयांचे महिन्याचे भाडे ७ रुपये ५० पैसे होते आणि व्यवहार तोट्यात जातो. पैसा ६ टक्क्यांचा असेल, तर भाडे ५ रुपये आणि ८० पैसे शिल्लक राहतात. त्यातूनही वायद्यासाठी ठेवावे लागणारे मार्जिन आणि इतर किरकोळ शुल्के वजा व्हायची असतात.

एकच शेअर, एकच दिवस, एकच डावपेच. तरी एका पेढीला नफा आणि दुसरीला तोटा. फरक बुद्धीचा नाही, व्याजदराचा आहे. म्हणूनच चांगली पेढी कोणता डावपेच चालवावा हे ठरवण्याआधी आपल्याला पैसा कोणत्या दराने पडतो हे ठरवते. ज्या डावपेचाचे उत्पन्न भांडवलाच्या भाड्याहून कमी, तो कितीही चतुर असला तरी वहीतून खोडला जातो.

ही पेढी भांडवल उभे कसे करते, तेही पाहण्यासारखे आहे. तळाशी मालकाचे स्वतःचे भांडवल असते. पहिला तोटा तेच सोसते. त्यावर बँकेची हमी उभी राहते. रिझर्व्ह बँकेच्या दीर्घकाळ लागू असलेल्या जुन्या नियमानुसार शेअर दलालाला हमी देताना बँकेने हमीच्या रकमेच्या किमान निम्मे मार्जिन घ्यावयाचे असे, आणि एकूण रकमेच्या किमान पाव हिस्सा रोख स्वरूपात. म्हणजे १० कोटींच्या हमीसाठी ५ कोटींचे मार्जिन, पैकी अडीच कोटी रोख. बँक हमीबद्दल आपले शुल्क घेते. उलट मुदतठेवीच्या रूपात गुंतलेल्या रोख रकमेवर पेढीला व्याजही मिळते. ही हमी व इतर तारण बाजाराच्या समाशोधन संस्थेकडे मार्जिन म्हणून जमा होते. तारण म्हणून दिलेल्या शेअरांचे मोल धरताना त्यातून काही टक्के कापले जातात. बाहेरून पाहणाऱ्याला पेढीची मोठी उलाढाल दिसते. पेढीच्या मालकाला मात्र प्रत्येक थरावर चढणारे शुल्क दिसत असते.

या सगळ्यात एक रेघ मात्र ओलांडायची नसते. ग्राहकाचा पैसा आणि घरचा पैसा यांची सरमिसळ होता कामा नये. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंग या मोठ्या दलाली पेढीला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ग्राहकांच्या शेअरांचा गैरवापर झाल्याचे प्रथमदर्शनी आढळल्याने हा आदेश निघाला होता. अडत्याने शेतकऱ्याची हळद स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकावी, तसाच हा प्रकार. घरखाते आणि अडतखाते यांच्या वह्या वेगळ्या ठेवण्याची जुन्या पेढ्यांची रीत केवळ सोवळेपणाची नव्हती. धंदा त्याच भिंतीवर उभा होता.

भांडवल जमल्यावर पेढी ते आपल्या सौदेकारांत वाटून देते. प्रत्येकाला रक्कम ठरलेली, सौद्यांचे प्रकार ठरलेले आणि दिवसाच्या तोट्याची मर्यादाही ठरलेली. ती मर्यादा गाठली की त्या दिवसापुरते त्याचे काम थांबते. सौदेकाराला वापरलेल्या पैशाचे भाडे पेढीच्या वहीत भरावे लागते. भाडे, कर, यंत्रणेचा खर्च वजा होऊन जे उरते त्यातच त्याचा वाटा असतो. एकाने बाजारात खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव लावून मधला फरक मिळवावा, दुसऱ्याने दोन मुदतींच्या वायद्यांतील अंतर पकडावे, तिसऱ्याने ऑप्शन विकून त्यांची किंमत घ्यावी, अशी कामे विभागलेली असतात. सगळ्यांचा तोटा एकाच दिवशी होऊ नये हा त्यामागचा हेतू. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तोटा मोजणारा माणूस सौदे करणाऱ्या माणसापेक्षा वेगळा असतो.

हे वेगळेपण मोडले की काय होते, याचा दाखला बेअरिंग्ज बँकेचा. लंडनची ही पेढी १७६२ मध्ये स्थापन झालेली. सिंगापूरच्या शाखेत निक लीसन नावाच्या तरुण कर्मचाऱ्याकडे सौदे करण्याचे आणि त्या सौद्यांच्या नोंदी पाहण्याचे अशी दोन्ही कामे होती. तोटा तो एका वेगळ्या खात्यात लपवीत गेला आणि मार्जिनसाठी लंडनहून पैसा मागवीत गेला. इतका पैसा कशासाठी, हा प्रश्न ज्यांनी विचारायचा त्यांनी तो वेळेवर विचारला नाही. १९९५ च्या फेब्रुवारीत तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेलेला आढळला आणि दोनशे तेहतीस वर्षांची ही पेढी आयएनजी या डच संस्थेला नाममात्र १ पौंडात विकली गेली.

दुसरा दाखला अतिशहाणपणाचा. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी निधीच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते. दोघांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले. त्यांचे डावपेच अगदी बारीक फरकांवर आधारलेले होते आणि बारीक फरक मोठा दिसावा म्हणून त्यांनी कर्ज उभारले होते. १९९८ च्या आरंभी स्वतःचे भांडवल ५ अब्ज डॉलरच्या आत आणि कर्ज १२० अब्ज डॉलरच्या वर. स्वतःच्या एका रुपयावर पंचवीस रुपये उसने, असे हे प्रमाण. मालमत्तेचा भाव शेकडा ४ ने घसरला की मुद्दल संपले. त्या वर्षी रशियाने कर्जफेड थांबवली, बाजार उलटला आणि अखेर चौदा वित्तसंस्थांना मिळून सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतावे लागले. त्यांचे गणित चुकीचे होते, असे पुष्कळजण आजही म्हणत नाहीत. गणित खरे ठरेपर्यंत भाडे भरण्याची आणि तोटा सोसण्याची ऐपत उरली नव्हती, एवढे निश्चित.

आता ही गोष्ट मुंबई, सिंगापूर किंवा अमेरिकेपुरती राहिलेली नाही. नागपंचमीसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या बत्तीस शिराळ्यासारख्या गावांतही भ्रमणध्वनीवरून ऑप्शनचे सौदे होऊ शकतात आणि होतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातील तीस मोठ्या शहरांबाहेरच्या सौदेकारांचे प्रमाण ७२ टक्क्यांहून अधिक आढळले. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. हा तोटा सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये होता आणि एकूण रक्कम १.८ लाख कोटींच्या वर गेली. खर्च वजा जाता १ लाखाहून अधिक नफा मिळवणारे शंभरात एकच निघाले. सौद्यांच्या खर्चापोटीच या मंडळींनी तीन वर्षांत सुमारे ५०,००० कोटी रुपये भरले.

त्याच अभ्यासात नाण्याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये स्वखात्यावर व्यापार करणाऱ्या पेढ्यांनी सौदेखर्च वजा करण्यापूर्वी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८,००० कोटी मिळवले. त्याच वर्षी व्यक्ती व इतरांनी ६१,००० कोटींहून अधिक गमावले. पेढ्यांच्या नफ्यातील ९६ टक्के नफा संगणकाच्या आज्ञावलींनी केलेल्या सौद्यांतून आला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले की कोणाचा पैसा कोणाकडे गेला हे वेगळे सांगावे लागत नाही. पेढीकडे स्वस्त पैसा, वेगवान यंत्र, ठरलेली मर्यादा आणि थांबवणारा माणूस. समोरच्या घरात बहुधा यांतील एकही गोष्ट नसते.

शिराळ्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. मुलगा पदवीधर, नोकरीच्या शोधात. सुरुवातीला शिल्लक पैसा जातो, मग आईच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज होते, मग क्रेडिट कार्ड पुढे येते. पेढीला जेथे ६ टक्क्यांचा पैसा पुरत नाही, तेथे हा मुलगा १२ टक्क्यांच्या, कधी ३० टक्क्यांहून महाग पैशाने उतरतो. त्याचा अंदाज बरोबर आला, तरी भाडे त्याच्या पुढे धावत असते. आणि अंदाज चुकला, तर आता पुरे असे म्हणणारे कोणी नसते. कारण तोटा घरच्यांपासून लपवलेला असतो. बेअरिंग्ज बुडाली ती याच रीतीने. फरक एवढाच की येथे १ पौंडात विकत घेणारा कोणी येत नाही, पाटल्या तेवढ्या जातात.

अलीकडे या घराला आणखी एक हाक ऐकू येते. तुझे भांडवल नको, आम्ही १० लाखांचे खाते देतो, परीक्षा उत्तीर्ण हो आणि नफ्यातला मोठा वाटा घे, अशी ही फंडेड खात्यांची जाहिरात. परीक्षेची फी मात्र आगाऊ. येथे पेवाचा हिशेब कामी येतो. नावाला १० लाखांचे खाते आणि एकूण तोट्याची मर्यादा १० टक्के असेल, तर हाती आलेले खरे भांडवल १ लाखच. कारण त्यापुढे खाते बंद होते. त्यासाठी समजा ८,००० रुपये फी भरली, तर १ लाखावर ८ टक्के भाडे पहिल्याच दिवशी भरले गेले. दिवसाच्या तोट्याची मर्यादा ५ टक्के असेल, तर दोन वाईट दिवसांत सारे संपते आणि पुन्हा फी भरून नवी परीक्षा. अशी अनेक खाती प्रत्यक्ष बाजाराशी जोडलेलीही नसतात. पडद्यावर केवळ आकडे हलतात. खरी प्रॉप पेढी सौदेकाराच्या नफ्यावर जगते. उमेदवारांच्या फीवर जगणाऱ्या पेढीचे हित उमेदवार नापास होण्यातच असते.

यांतील पुष्कळ योजना परकीय चलनाच्या सौद्यांच्या असतात. भारतात राहणाऱ्यांना असे सौदे मान्यताप्राप्त बाजारांत आणि अधिकृत मार्गानेच करता येतात. अनधिकृत मंचांची सावधसूची रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ नावांनी प्रथम प्रसिद्ध केली आणि नंतर ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे असा अर्थ होत नाही, हेही बँकेने सांगितले आहे.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला बाजार वाईट म्हणून गप्प बसवू नये. त्याने तो केवळ लपून जाईल. त्यापेक्षा त्याच्यापुढे कोरी वही ठेवावी आणि चार ओळी लिहून घ्याव्यात. पैसा कोणाचा? त्याचे महिन्याचे भाडे किती? किती तोटा झाल्यावर थांबायचे? आणि थांबवणार कोण? शेवटच्या ओळीत सौदे करणाऱ्याचे स्वतःचे नाव चालणार नाही. तेथे वडील, काका, थोरली बहीण, कोणाचे तरी नाव हवे आणि त्या व्यक्तीला खाते पाहण्याची मोकळीक हवी. कर्जाचा पैसा पहिल्या ओळीतच बाद करावा.

या चार ओळी भरता येत नसतील, तर पहिला सौदा करूच नये. भरता आल्या, तर मुलगा कदाचित सौदेकार होईल, कदाचित होणार नाही. परंतु हिशेब लिहायला तो शिकेल, आणि व्यापारी घराला एवढे शिक्षण कधी वाया गेलेले नाही. पेवाचे तोंड बंद करण्यापूर्वी आत किती माल आहे आणि त्यावर किती व्याज चढणार आहे, हे हरिपूरच्या काठावरचा व्यापारी लिहून ठेवीत असे. भाव काय होईल हे त्यालाही ठाऊक नसे. भाडे किती होईल हे मात्र पक्के ठाऊक असे.